सरोवरातील जीवाणूंचा मेळ : शैवालवाढीपूर्वीची सहवास-परीक्षा



पावसाळा ओसरून ऊन स्थिरावले की गावतळ्याचे पाणी हळूहळू हिरवे होऊ लागते. पाहणारा सहज म्हणतो, ‘शेवाळ आले.’ हिरवा रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याला नाव मिळते. त्याच पाण्यात, त्या शैवालाच्या अंगाला चिकटून, असंख्य जीवाणू राहतात. ते दिसत नाहीत म्हणून त्यांची कोणी दखल घेत नाही. वास्तविक शैवाल किती वाढेल, किती टिकेल आणि केव्हा कोसळेल, हे पुष्कळ अंशी या अदृश्य शेजाऱ्यांवर अवलंबून असते.

शैवालाची वाढ काही ठिकाणी हवीशी असते. स्पिरुलिनाची टाकी, मत्स्यबीजाचे तळे आणि गावाच्या सांडपाण्याचे शुद्धीकरण करणारे तळे ही त्याची परिचित उदाहरणे होत. शेवटच्या प्रकारात जीवाणू मैला कुजवतात आणि त्यांना लागणारा प्राणवायू शैवाल पुरविते. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० नंतरच्या दशकात या भागीदारीचा पद्धतशीर अभ्यास केला. नागपूरच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या ‘नीरी’ने, अशा तळ्यांच्या रचनेविषयीची पुस्तिका १९७० मध्ये प्रसिद्ध केली. उलटपक्षी, पिण्याच्या पाण्याच्या तलावात हीच वाढ नकोशी ठरते.

जेथे वाढ हवी असते, तेथे उपयुक्त जीवाणूंचे मिश्रण सोडावे, ही कल्पना सहज सुचते. एक जीवाणू नत्र देतो, दुसरा स्फुरद मोकळे करतो, तिसरा जीवनसत्त्व पुरवितो. मग तिघे एकत्र केले तर तिप्पट लाभ का होऊ नये? निसर्ग मात्र अशा सरळ बेरजेने चालत नाही. तीन गुणी माणसे एका घरात नांदतीलच असे नाही. जीवाणूंचेही तसेच आहे. म्हणून मिश्रण करण्यापूर्वी त्यांचा परस्परांशी, आणि सर्वांचा मिळून शैवालाशी, मेळ बसतो किंवा नाही हे तपासणे अगत्याचे असते. आजच्या व्याख्यानाचा विषय हीच तपासणी होय.

विरजणाचा धडा

मेळ म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. कारखान्यात तयार होणाऱ्या योगर्टच्या विरजणात मुख्यत्वे दोन जीवाणू असतात : एक गोल पेशींचा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि दुसरा काडीसारखा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. पहिला दुधात वाढताना थोडे फॉर्मिक आम्ल आणि कर्बद्विप्राणिद वायू निर्माण करतो. त्यामुळे दुसऱ्याच्या वाढीस चालना मिळते. दुसरा दुधातील प्रथिनांचे विघटन करतो आणि पहिल्याला हवी असलेली ॲमिनो आम्ले मोकळी करतो. दोघे एकत्र असताना दूध जितक्या लवकर विरजते, तितके ते एकेकट्याने विरजत नाही. घराघरांत चांगले विरजण जपून ठेवण्याची रीत आहे. तिच्यामागेही हेच शहाणपण आहे : जमलेला मेळ सहजासहजी मोडू नये.

शेतकऱ्यांनाही या गोष्टीचा अनुभव आहे. हरभरा, तूर, सोयाबीन यांच्या बियाण्याला रायझोबियमचे संवर्धक चोळले जाते. त्याबरोबर कोणते संवर्धक चालते आणि कोणते रासायनिक औषध चालत नाही, हे कृषी विभागाचे कार्यकर्ते आवर्जून सांगतात. पाण्यातील जीवाणूंना हाच नियम अधिक काटेकोरपणे लागू पडतो, कारण पाण्यात सर्वांचाच सर्वांशी संबंध येतो.

देवाणघेवाण

शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व प्राणवायू सोडते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी १८८२ मध्ये हे अतिशय सुंदर रीतीने दाखविले. त्यांनी हिरव्या शैवालाच्या एका तंतूवर प्रकाशाचा वर्णपट पाडला आणि प्राणवायूकडे धावणारे जीवाणू त्या पाण्यात सोडले. जीवाणूंनी तांबड्या व निळ्या प्रकाशातील भागाभोवती गर्दी केली. कोणत्या रंगाच्या प्रकाशात शैवाल अधिक प्राणवायू देते, हे जीवाणूंनीच दाखवून दिले.

शैवालाच्या पेशीतून शर्करा आणि इतर सेंद्रिय पदार्थही पाझरतात. मुळांभोवतालच्या मातीत जसे जीवाणू दाटीने राहतात, तसे ते शैवालपेशीभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातही राहतात. त्या थराला १९७२ मध्ये बेल व मिचेल यांनी स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला ‘शैवालपरिसर’ म्हणता येईल.

या अन्नाच्या बदल्यात जीवाणू काय देतात? याचे एक महत्त्वाचे उत्तर २००५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांच्या कामातून मिळाले. त्यांनी पाहिलेल्या शैवाल जातींपैकी निम्म्याहून अधिक जातींना ब-१२ हे जीवनसत्त्व बाहेरून लागते, असे आढळले. हे जीवनसत्त्व खरी शैवाले स्वतः बनवीत नाहीत. ते जीवाणू बनवितात. पॉर्फिरिडियम नावाच्या तांबड्या शैवालाला हॅलोमोनस जातीचा जीवाणू ते पुरवू शकतो, असे त्याच कामात दाखविण्यात आले.

दुसरे उदाहरण मराठी शेतकऱ्याला जवळचे वाटेल. ज्वारीच्या बियाण्याला चोळला जाणारा ॲझोस्पिरिलम हा मुळांजवळ राहणारा जीवाणू आहे. मेक्सिकोतील ला पाझ येथील संशोधकांनी तो क्लोरेला या एकपेशीय शैवालासोबत अल्जिनेटच्या बारीक मण्यांत वाढविला. शैवालाची वाढ एकट्याने होते त्यापेक्षा अधिक झाली, असे त्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. पुढील कामात या लाभाचा संबंध जीवाणू निर्माण करीत असलेल्या ऑक्झिन या वाढ-संप्रेरकाशी जोडला गेला. समुद्रातील स्यूडोनिट्झ्शिया या शैवालाचे व सल्फिटोबॅक्टर या जीवाणूचे असेच नाते २०१५ मध्ये उजेडात आले : शैवाल ट्रिप्टोफॅन देते आणि जीवाणू त्यापासून ऑक्झिन बनवून ते परत करतो.

मित्र केव्हा शत्रू होतो

परंतु हे नाते सदैव गोडीचेच राहते, असे समजणे चुकीचे ठरेल. समुद्रातील एमिलियानिया हक्सलेयी या शैवालासोबत फेओबॅक्टर नावाचा जीवाणू राहतो. शैवाल तरुण असते तेव्हा तो त्याच्या वाढीला मदत करतो व इतर जीवाणूंपासून त्याचे रक्षण करतो. शैवाल वृद्ध होऊन त्याच्या पेशींतून एक विशिष्ट रसायन बाहेर पडू लागले की तोच जीवाणू शैवालाला मारणारे विष तयार करू लागतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखविले. एका आठवड्याचा प्रयोग करून ‘हा मित्र’ असा निकाल देणारा संशोधक येथे फसला असता.

जीवाणूंचे आपसातील वैरही अनेक प्रकारचे असते. काही जीवाणू प्रतिजैविक द्रव्य सोडून शेजाऱ्याला मारतात. काही लोह पकडणारी रसायने सोडतात आणि शेजाऱ्याला लोहावाचून उपाशी ठेवतात. काही कोणाशीच वैर धरीत नाहीत; पण वाढताना आम्ल तयार करतात, पाण्याचा सामू बदलतो आणि शेजाऱ्याचे जगणे अशक्य होते. हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारचे वैर मिटविता येत नाही. तिसऱ्या प्रकारात सामू स्थिर ठेवण्याची व्यवस्था केली तर दोघे एकत्र नांदू शकतात.

लोणारचे पाणी

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर डोळ्यांसमोर येते. बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील हे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू अनेक अभ्यासांत १० च्या आसपास नोंदला गेला आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि सामूच्या मापनात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक होय, हे लक्षात घेतले म्हणजे या पाण्याची तीव्रता कळते. एवढ्या क्षारांतही सरोवर ओसाड नाही. स्पिरुलिनासारख्या नील-हरित शैवालांनी त्याला हिरवा रंग दिला आहे. हे शैवाल शास्त्रीय वर्गीकरणात स्वतःच जीवाणूंत मोडते. पण ते प्रकाशात अन्न तयार करते, म्हणून व्यवहारात त्याला शैवाल म्हटले जाते. त्याच्या सोबतीला हॅलोमोनस व बॅसिलस वर्गातील जीवाणूही लोणारमध्ये आढळले आहेत.

जून २०२० मध्ये हेच पाणी अचानक गुलाबी झाले. लोक दूरदूरून पाहावयास आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी झाली तेव्हा मिठावर प्रेम करणारे, रंगद्रव्ये बाळगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचे दिसून आले. पाण्याची स्थिती पालटली की सूक्ष्मजीवांच्या समाजातील तोल पालटतो व सबंध सरोवराचा रंग बदलतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

अशा सरोवरातील जीवाणू इतरत्र वापरण्याजोगे वाटतात, कारण स्पिरुलिनाची टाकीही अल्कधर्मीच असते. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झारूक द्रावणात दर लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असते. साध्या तळ्यातील जीवाणू अशा द्रावणात तग धरणे कठीण. सोडा-सरोवरातील जीवाणू मात्र तेथे घरच्यासारखे राहू शकतात. तथापि जगू शकणे वेगळे आणि एकमेकांबरोबर राहून शैवालाला उपकारक ठरणे वेगळे.

परीक्षेच्या पायऱ्या

पहिली पायरी जीवाणू वेगळे करण्याची. पाण्याचा नमुना पातळ करून अगारच्या बशीवर पसरतात. वेगवेगळ्या रंगरूपाच्या वसाहती उगवतात. त्यांतील प्रत्येक पुन्हापुन्हा रेखाटून शुद्ध केली जाते. येथे एक चूक वारंवार होते. अल्कधर्मी सरोवरातील जीवाणू सामू ७ च्या नेहमीच्या अगारवर वाढविण्याचा प्रयत्न केला, तर जे खरे रहिवासी ते उगवतच नाहीत आणि जे पाहुणे ते माजतात. म्हणून बशीतील खाद्याचा सामू व क्षार सरोवराशी मिळते असावे लागतात. सोड्याचे द्रावण वेगळे निर्जंतुक करून मग मिसळावे लागते. शर्करेबरोबर तापविल्यास खाद्य काळपट होऊन बिघडते.

दुसरी पायरी जोड्यांची. बशीच्या मध्यावर एका जीवाणूची उभी रेघ ओढतात. एकदोन दिवसांनी, ती वाढल्यावर, इतर जीवाणूंच्या आडव्या रेघा तिच्यापर्यंत आणून भिडवितात. आडवी रेघ मध्यरेघेला टेकेपर्यंत वाढली, तर उघड वैर नाही. मध्ये रिकामी जागा राहिली, तर ती मिलिमीटरमध्ये मोजून नोंदवितात. नंतर जागा बदलून, आडव्याला उभा करून, तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो, कारण ‘अ’ ‘ब’ला मारतो याचा अर्थ ‘ब’ ‘अ’ला मारतो असा होत नाही. पाच जीवाणूंच्या १० जोड्या होतात, दहांच्या ४५. संख्या वाढली की काम किती वाढते हे यावरून कळेल. म्हणून सुरुवात थोड्या, निवडक जीवाणूंनी करणे शहाणपणाचे असते.

तिसरी पायरी पाण्यातील सहवासाची. बशीवर दाटी असते आणि खाद्य भरपूर असते. सरोवरात तशी स्थिती नसते. बशीवर भांडणारे दोघे विरळ पाण्यात शेजारी राहू शकतात. उलट, बशीवर शांत दिसणाऱ्या दोघांपैकी एक जण पाण्यात भराभर वाढून दुसऱ्याला उपाशी मारू शकतो. म्हणून दोघांना समसमान संख्येने द्रवात मिसळतात आणि ठराविक काळाने प्रत्येकाची गणती करतात. दोघांच्याही संख्या टिकल्या, तरच मेळ आहे असे म्हणता येते.

चौथी पायरी शैवालाची, आणि तीच निर्णायक. एका पात्रात केवळ शैवाल. काहींत शैवाल व एकेक जीवाणू. एकात शैवाल व संपूर्ण मिश्रण. आणि एकात शैवाल व तापवून मारलेले मिश्रण. प्रत्येक प्रकारची किमान तीन पात्रे, सर्वांना सारखा प्रकाश, सारखे तापमान. मेलेल्या जीवाणूंचे पात्र कशासाठी, असा प्रश्न पडेल. जीवाणूंचे मृत शरीर हेही एक प्रकारचे खतच आहे. जिवंत मिश्रणाने जेवढी वाढ झाली तेवढीच मृत मिश्रणाने झाली, तर तो गुण सहवासाचा नसून खताचा होय. त्याच कारणासाठी जीवाणू ज्या द्रवात वाढविले, तो द्रव धुऊन काढून मगच ते शैवालात सोडावे लागतात.

निकाल वाचताना

वाढ मोजण्यातही फसगत होऊ शकते. पाणी अधिक गढूळ दिसले म्हणजे शैवाल वाढले असे नाही. जीवाणू वाढले तरी पाणी गढूळ होते. म्हणून केवळ गढूळपणावर विसंबून न राहता हरितद्रव्य काढून मोजतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शैवाल प्रत्यक्ष पाहतात. प्रयोग शैवालाची वाढ थांबून ते वृद्ध होईपर्यंत चालू ठेवावा, हा फेओबॅक्टरने शिकविलेला धडा आहे.

‘मेळ आहे’ आणि ‘लाभ आहे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही विसरू नये. एखादे मिश्रण गुण्यागोविंदाने नांदेल आणि शैवालाला त्याचा काडीइतका उपयोग होणार नाही. एखादा एकटाच जीवाणू पाच जणांच्या मिश्रणापेक्षा सरस ठरेल; तसे झाले तर मिश्रणाचा मोह सोडून एकटाच वापरावा. आणि शैवाल खाण्यासाठी वाढवावयाचे असेल, तर त्यातील प्रत्येक जीवाणूची ओळख पक्की होऊन तो आरोग्यास निर्धोक असल्याची खात्री झाल्याखेरीज तो टाकीत जाता कामा नये.

टाकी वेगळी, तळे वेगळे

येथवर जे सांगितले ते काचपात्राविषयी आणि बंदिस्त टाकीविषयी होते. पंचायतींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. टाकीतील प्रयोग फसला तर टाकी रिकामी करून, धुऊन पुन्हा भरता येते. तळे धुता येत नाही. त्यात सोडलेला जीवाणू परत बोलाविता येत नाही.

शैवालाची बेसुमार वाढ तळ्याला मारकही ठरते. दिवसा प्राणवायू देणारे शैवाल रात्री तो वापरते, जीवाणूही वापरतात. पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू तळाला जातो आणि सकाळी मासे मेलेले दिसतात. काही नील-हरित शैवाले, उदाहरणार्थ मायक्रोसिस्टिस, विषारी द्रव्ये निर्माण करू शकतात. असे पाणी जनावरांनाही अपायकारक असते. म्हणून तळ्यात टाकण्याची कोणतीही जीवाणू-भुकटी कोणी घेऊन आला, तर ग्रामपंचायतीने त्याला चार साधे प्रश्न विचारावेत. हिच्यात कोणते जीवाणू आहेत? त्यांचा आपसांत मेळ तपासला आहे काय? या गावच्या पाण्यात, या सामूला, शैवालावर त्यांचा काय परिणाम होतो हे मृत मिश्रणाशी तुलना करून पाहिले आहे काय? आणि परिणाम विपरीत झाला तर उपाय काय? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील, तर पाणी आहे तसे राहू द्यावे.

पंचायतींच्या हाती याबाबत कायद्याचे साधनही आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यातील जैविक संसाधनांच्या व्याख्येत वनस्पती व प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवांचाही समावेश आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावी, असे हाच कायदा सांगतो. गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत झाडे, पक्षी, मासे यांची नोंद होते. त्याच पानावर तळ्याचा रंग कोणत्या महिन्यात बदलतो, शैवाल केव्हा येते व केव्हा जाते, याचीही नोंद झाली तर पुढे येणाऱ्या संशोधकाला ती मोलाची ठरेल. लोणारसारखे ठिकाण तर २००० पासून वन्यजीव अभयारण्य आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळ आहे. तेथील नमुना घेणेही परवानगीवाचून योग्य नव्हे.

शिक्षकांना या कामात मोठा वाटा उचलता येईल. अनोळखी जीवाणू वर्गात वाढविण्याचा प्रयोग करू नये. तो प्रशिक्षित हातांनी प्रयोगशाळेतच व्हावा. परंतु विद्यार्थ्यांना दर आठवड्याला तळ्याकाठी नेऊन पाण्याचा रंग, वास आणि सामूकागदाने मोजलेला सामू एका वहीत उतरविण्यास लावणे कोणत्याही शाळेला शक्य आहे. काठावरून मोजावे, हात स्वच्छ धुवावेत, आणि एक वर्ष खंड पडू देऊ नये. वर्षअखेर त्या वहीत गावतळ्याचे चरित्रच तयार झालेले असेल.

विरजण लावणारी गृहिणी दूध किती कोमट आहे हे बोटाने पाहते, विरजण ताजे आहे ना हे पाहते आणि मगच ते दुधात घालते. तिच्या एका भांड्यासाठी ती जेवढी काळजी घेते, तेवढी तरी काळजी संपूर्ण गावाच्या पाण्यासाठी घेतली जावी, एवढीच अपेक्षा आहे.